तांबं गेलं कुठं? बेंटोनाइटनं पाण्यातले जड धातू काढण्याची रीत

साकीनाक्याच्या एका गल्लीतल्या प्लेटिंगच्या, म्हणजे धातूचा मुलामा देण्याच्या, कारखान्यात मी केमिस्ट म्हणून लागले, तेव्हा एम.एस्सी. होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. बाथमधून, म्हणजे मुलाम्याच्या द्रावणाच्या टाकीतून, काढलेला माल ज्या टाक्यांत धुतात, त्या धुवणाच्या पाण्यावर मी पहिल्यांदा बेंटोनाइट ही फुगणारी चिकणमाती वापरून पाहिली. एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम सोडा-ॲक्टिव्हेटेड, म्हणजे सोडा मळलेलं, बेंटोनाइट घातलं, तासभर ढवळलं, गाळलं. निळसर पाणी स्वच्छ झालं आणि तांबं ९९ टक्के गेलं. वहीत तो आकडा मी दोनदा अधोरेखित केला. टाक्या सांभाळणारे आप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, पण तांबं गेलं कुठं?" मी म्हटलं, "मातीत."

ढवळून झाल्यावर पाण्याचा पीएच मी पाहिलाच नव्हता, हे रात्री घरी आल्यावर ध्यानात आलं. सकाळी जाऊन मोजला, तर ८.६. मग तेच धुवण दुसऱ्या बीकरमध्ये घेतलं, माती अजिबात न घालता नुसत्या कॉस्टिकनं (सोडियम हायड्रॉक्साइडनं) पीएच ८.६ ला नेला, आणि गाळलं. तांबं तेवढंच गेलं. म्हणजे मातीनं काही धरलं नव्हतं. मातीतल्या उरलेल्या सोड्यानं पाणी अल्कधर्मी केलं होतं, आणि तांब्याचं हायड्रॉक्साइड होऊन ते मातीसोबत तळाला बसलं होतं.

टी.वाय.बी.एस्सी.च्या मुलांचे प्रोजेक्ट मी आता बघते, त्यात दर वर्षी एक तरी मूल हाच ९९ टक्क्यांचा आकडा घेऊन येतं. त्यांच्यासाठी आणि छोटे प्लेटिंगवाले आहेत त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आप्पांचा प्रश्न मनात ठेवून वाचा. प्रत्येक पायरीवर तोच विचारायचा आहे.

त्याआधी एक गोष्ट. ही रीत घरच्या पिण्याच्या पाण्यासाठी नाही. मुलतानी माती माठात टाकली तर शिसं निघेल का, असं मला लोक विचारतात. नका टाकू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० : २०१२ मध्ये, शिशाची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि कॅडमियमची ०.००३. इतकं बारीक मोजायचं साधन घरात नसतं, आणि बारीक माती पाण्यातून पुन्हा पुरती निघतही नाही. शंका असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्या.

माती कोणती घ्यायची

बेंटोनाइटसाठी मुंबईत फार फिरावं लागत नाही. पायलिंगच्या भोकाच्या भिंती ढासळू नयेत म्हणून ओततात तो राखाडी चिखल बेंटोनाइटचाच असतो, आणि इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्यात भरतात तेही बेंटोनाइटच. बराचसा माल कच्छ आणि बाडमेरकडचा. मात्र अर्थिंगच्या तयार पोत्यात कधी मीठ, कधी कोळशाची पूड मिसळलेली असते. ते पोतं प्रयोगाला घेऊ नका, साधं बेंटोनाइट मागा. रसायनं आणि काचसामानासाठी मी अजून प्रिन्सेस स्ट्रीटलाच जाते.

बेंटोनाइटमधलं कामाचं खनिज म्हणजे मोंटमोरिलोनाइट. त्याचा एक थर म्हणजे सिलिकाच्या दोन पत्र्यांमध्ये दाबलेला ॲल्युमिनाचा एक पत्रा. त्या मधल्या पत्र्यात काही ठिकाणी ॲल्युमिनियमऐवजी मॅग्नेशियम बसलेलं असतं. तीन भारांच्या जागी दोनच आले, म्हणून थरावर ऋण भार शिल्लक राहतो, आणि तो भागवायला दोन थरांच्या मध्ये सोडियम, कॅल्शियम येऊन राहतात. त्यांचं बिऱ्हाड कायमचं नसतं. पाण्यातून तांबं, शिसं, निकेल आलं की सोडियम जागा सोडतो. अशा किती जागा आहेत ते धन-आयन विनिमय क्षमतेवरून कळतं. मोंटमोरिलोनाइटची ही क्षमता १०० ग्रॅमला साधारण ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट (भार मोजायचं एकक) असते, चिनी मातीतल्या केओलिनाइटची ३ ते १५. गणपती झाल्यावर उरलेली शाडू माती मुलं हौसेनं घेऊन येतात. मी त्यांना नाही म्हणत नाही, पण आधी क्षमता मोजायला लावते.

क्षमता मोजायला मेथिलीन ब्लू हे निळं रंगद्रव्य पुरतं. तीन पाणी धरलेल्या मेथिलीन ब्लूचे ३.७४ ग्रॅम एक लिटरमध्ये विरघळवा, म्हणजे ०.०१ नॉर्मल द्रावण झालं. कोरडी माती बरोबर १ ग्रॅम घ्या, पाण्यात नीट फेटा, ब्युरेटनं निळं द्रावण थोडं थोडं सोडत जा. दर वेळी काचकांडीनं एक थेंब फिल्टर पेपरवर ठेवा. सुरुवातीला मध्ये गडद ठिपका आणि भोवती बिनरंगाचं पाणी दिसेल. ठिपक्याभोवती फिकट निळं कडं दिसलं आणि दोन मिनिटं ढवळूनही ते टिकलं, की थांबा. जितके मिलिलिटर लागले, तितकीच १०० ग्रॅमची क्षमता. दुसरी परीक्षा फुगण्याची. १०० मिलिलिटर पाण्याच्या मोजपात्रात २ ग्रॅम पूड चिमटीचिमटीनं सोडा आणि रात्रभर ठेवा. चांगलं सोडियम बेंटोनाइट फुगून २४ मिलिलिटरच्या वर जातं. कॅल्शियमवालं फार खाली राहतं, ते सोडियमवर आणावं लागतं.

सोडियमवर आणणं

पहिली सुधारणा हीच, आणि तांबं, निकेल, जस्त, शिसं, कॅडमियम यांच्यासाठी बहुतेक वेळा एवढीच पुरते. आधी माती स्वच्छ करायची. २० ग्रॅम बेंटोनाइट एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात दोन तास ढवळा आणि बीकर आठ तास न हलवता ठेवा. दोन मायक्रॉनहून जाड कण तेवढ्या वेळात वरच्या दहा सेंटिमीटरमधून खाली गेलेले असतात. वरचं दहा सेंटिमीटर पाणी नळीनं ओढून घ्या. आपली माती त्यात आहे. तळाची रेती टाका.

आता त्यात लिटरला ५८.५ ग्रॅम या हिशेबानं मीठ घाला, चार तास ढवळा, बसू द्या, वरचं पाणी ओता. मिठाचं नवं द्रावण घालून असं एकूण तीनदा करा. मिठामुळे माती गठ्ठ्यानं बसते, म्हणून हे सोपं जातं. पुढचं धुणं अवघड आहे. मीठ कमी होत गेलं की माती बसेनाशी होते, पाणी दिवसभर गढूळच राहतं. मुलं इथे घाबरतात. घाबरू नका, सोडियम बसल्याची ती खूण आहे. सेंट्रिफ्यूज असेल तर वापरा, नसेल तर डायलिसिसच्या नळीत भरून डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि पाणी बदलत राहा. धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकल्यावर पांढरं यायचं थांबलं, की झालं. नळाचं पाणी इथे चालत नाही, त्यात क्लोराइड असतंच.

घाईचा मार्ग सोड्याचा: मातीच्या वजनाच्या तीन-चार टक्के सोडियम कार्बोनेट ओल्या मातीत मळायचं. कॅल्शियम कार्बोनेट होऊन बाजूला पडतं आणि सोडियम आत जातो. बाजारातली बरीच माती अशीच केलेली असते. माझा तो ९९ टक्क्यांचा आकडा याच मातीचा. ती वापरायची तर आधी भरपूर धुवा, आणि पीएच मोजल्याशिवाय कुठल्याही आकड्यावर विश्वास ठेवू नका.

वाळवताना ओव्हन ६० ते ८० अंशांवर ठेवा. मग खलात कुटा, चाळा, बरणीत भरा. मुंबईत राहणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. जूनमध्ये वाळवलेली माती जुलैत तीच राहत नाही. मोंटमोरिलोनाइट हवेतली ओल ओढून घेतं, आणि पावसाळ्यात ती ओल वजनाच्या दहा टक्क्यांच्या वर सहज जाते. अर्धा ग्रॅम म्हणून घेतलेल्या मातीत तेवढं पाणीच असतं. वजन करण्याआधी १०५ अंशांवर दोन तास ठेवा, डेसिकेटरमध्ये, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्यात, गार करा, मग तोला.

क्रोमसाठी वेगळी माती

हेक्साव्हॅलंट, म्हणजे सहा संयुजेचं, क्रोमियम पाण्यात क्रोमेट म्हणून असतं, म्हणजे ऋण भाराचं. ऋण भाराच्या मातीजवळ ते येतच नाही. त्यासाठी मातीचं तोंड फिरवावं लागतं, आणि ते काम सीटॅब करतं, म्हणजे हेक्साडेसिलट्रायमिथाइलअमोनियम ब्रोमाइड. त्याच्या रेणूला धन भाराचं डोकं आणि सोळा कार्बनची लांब शेपटी असते. पहिली रांग डोकी मातीकडे करून बसते, शेपट्या बाहेर. सीटॅब क्षमतेपेक्षा जास्त घातलं तर दुसरी रांग पहिलीच्या शेपट्यांना आपल्या शेपट्या भिडवते आणि डोकी पाण्याकडे ठेवते. लोकलच्या डब्यात पाठीला पाठ लावलेली बाकं असतात तसं. आता बाहेर धन भार आला आणि क्रोमेट तिथे येऊन बसतं.

हिशेब असा. १० ग्रॅम माती आणि क्षमता ८० असेल, तर जागा झाल्या ८ मिलिइक्विव्हॅलंट. सीटॅबचा रेणुभार ३६४.५, म्हणजे क्षमतेइतकं सीटॅब २.९ ग्रॅम. दुहेरी रांगेसाठी दीडपट, ४.४ ग्रॅम. पाणी ५०-६० अंशांवर गरम ठेवा. गार पाण्यात सीटॅब नीट विरघळत नाही, स्फटिक तळाशी राहतात आणि आपल्याला वाटतं की ते मातीवर गेलं. चार-पाच तास सावकाश ढवळा, गाळा, फेस यायचा थांबेपर्यंत धुवा. हे धुणं टाळू नका. सुटं सीटॅब नाल्यात गेलं तर मासे मरतात. क्रोम काढायला जाऊन दुसरं विष सोडण्यात अर्थ नाही.

कारखान्यात मात्र क्रोमसाठी मी ही माती पहिली वापरणार नाही. पीएच २ ते ३ वर सोडियम मेटाबायसल्फाइट घालून हेक्साव्हॅलंटचं तीन संयुजेचं ट्रायव्हॅलंट करायचं, मग पीएच ८ ते ९ वर नेऊन गाळ पाडायचा, ही जुनी रीत स्वस्त आणि खात्रीची आहे. सीटॅबची माती उरलेल्या शेवटच्या थोड्या क्रोमसाठी. आर्सेनिकसाठी मातीवर लोहाच्या ऑक्साइडचं आवरण चढवतात, फेरिक क्लोराइड घालून कॉस्टिकनं पीएच सावकाश वर नेऊन. आम्लानं तापवून केलेली माती तेल शुद्ध करायला वापरतात. पृष्ठभाग वाढतो हे खरं, पण विनिमयाच्या जागा घटतात, म्हणून धन भाराच्या धातूंसाठी मी तिच्या वाटेला जात नाही.

बाटल्यांचा प्रयोग

आधी घरचं द्रावण करा. ३.९३ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) एक लिटरमध्ये, म्हणजे तांबं लिटरला १००० मिलिग्रॅम. त्याचं ५० पर्यंत पातळ करा. झाकणाच्या बाटल्यांत प्रत्येकी १०० मिलिलिटर घ्या आणि माती ०.१, ०.२५, ०.५ आणि १ ग्रॅम घाला. पीएच ५ ते ५.५ वर आणा. त्याहून फार खाली गेलात तर पाण्यातले हायड्रोजन आयनच मातीच्या जागा घेतात. वर गेलात तर तांबं आपोआप खाली बसतं आणि माझं झालं तसं होतं. माती घातल्यावर दहा मिनिटांनी पीएच पुन्हा पाहा, चढला असेल तर सौम्य आम्लाच्या थेंबानं खाली आणा. दोन तास हलवा. बहुतेक धातू पहिल्या अर्ध्या तासातच जातो.

या बाटल्यांबरोबर आणखी दोन बाटल्या ठेवायच्याच. एकीत धातू आणि तोच पीएच, पण माती नाही. दुसरीत माती आणि डिस्टिल्ड पाणी, पण धातू नाही. पहिलीत तांबं कमी झालं, तर ते गाळात, बाटलीच्या काचेवर किंवा फिल्टर पेपरवर गेलं. दुसरीत काही सापडलं, तर ते मातीतूनच सुटलं. आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर या दोन बाटल्यांत आहे. कुणी प्रोजेक्टच्या तक्त्यात या दोन ओळी दाखवल्या नाहीत, तर मी पुढचं पान उलटत नाही.

गाळताना पहिले दहा मिलिलिटर टाकून द्या. तांब्याला अमोनिया जास्त घातल्यावर येणारा गडद निळा रंग कॉलेजच्या कलरीमीटरवर वाचता येतो. निकेलला डायमिथाइलग्लायऑक्झिमचा गुलाबी-लाल, हेक्साव्हॅलंट क्रोमला डायफेनिलकार्बाझाइडचा जांभळा. पण पाण्यात माती तरंगत असेल तर कलरीमीटर तिलाच रंग समजतो. डोळ्यांना निळा दिसेनासा झाला म्हणजे तांबं संपलं, असंही नाही. लिटरला एक-दोन मिलिग्रॅमच्या खालचा आकडा हवा असेल तर नमुना बाहेर द्या. आयआयटी पवईच्या सैफ या उपकरण-केंद्रात आयसीपीवर, म्हणजे अगदी थोडा धातूही मोजणाऱ्या यंत्रावर, पैसे भरून नमुने तपासून मिळतात.

आता मातीनं किती धरलं त्याचा हिशेब. तांबं लिटरला ५० मिलिग्रॅमवरून ४ वर आलं, माती ०.५ ग्रॅम, पाणी १०० मिलिलिटर. गेलं ४६ गुणिले ०.१, म्हणजे ४.६ मिलिग्रॅम. भागिले ०.५, ग्रॅमला ९.२ मिलिग्रॅम. क्षमता ८० च्या मातीत फक्त विनिमयानं तांबं जास्तीत जास्त ग्रॅमला सुमारे २५ मिलिग्रॅम बसू शकतं. तुमचा आकडा ६० आला असेल तर आनंद करू नका, पीएच पाहा.

टाकीवर नेताना

इथे मला सगळ्यात जास्त काळजी वाटते, म्हणून थांबून सांगते. प्लेटिंगच्या काही बाथमध्ये सायनाइड असतं. त्या लाइनच्या धुवणात आम्ल पडलं की हायड्रोजन सायनाइड वायू सुटतो आणि माणूस जागच्या जागी मरतो. माती वापरताना आपण पीएच खाली आणतो, हे विसरू नका. सायनाइडचं, क्रोमचं आणि निकेल-तांब्याचं पाणी पहिल्या टाकीपासून वेगळं ठेवा. सायनाइडचं पाणी आधी अल्कधर्मी ठेवून हायपोक्लोराइटनं मोडायचं, सायनाइड संपल्याची खात्री करायची, मगच पुढे. एका कारखान्यात दोन्ही धुवणं एकाच गटारात सोडलेली मी पाहिली आहेत. मालकाशी भांडून आम्ही ती वेगळी करवली. सायनाइडचं आणखी एक आहे, ते धातूला असं धरून ठेवतं की माती त्याला हात लावू शकत नाही. ईडीटीए या धातू धरणाऱ्या रसायनाचंही तसंच.

टाकीत माती पहिली घालायची नाही. लिटरला शेकडो मिलिग्रॅम धातू असेल तर तो हायड्रॉक्साइड करूनच काढा, मातीनं काढायला पोती लागतील. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांत नदीनाल्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला तांबं ३ मिलिग्रॅम, निकेल ३, जस्त ५, हेक्साव्हॅलंट क्रोम ०.१ आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तुमच्या संमतीपत्रात याहून कडक आकडा असेल तर तोच पाळायचा. गाळ पाडल्यावर आकडा मर्यादेच्या आसपास घुटमळतो, तिथे माती कामाला येते. आणि मातीच्या आधीच्या टप्प्यात शक्य असेल तर चुन्याऐवजी कॉस्टिक वापरा. चुन्याचं कॅल्शियम दोन भारांचं, निकेलच्या आधी तेच मातीत जाऊन बसतं. आम्हाला हे कळायला एक पावसाळा गेला.

माती किती लागेल? ५०० लिटर पाणी, निकेल लिटरला ८ मिलिग्रॅमवरून २ वर आणायचं, म्हणजे ३ ग्रॅम निकेल. शेवटी पाण्यात २ मिलिग्रॅम उरलेले असताना तुमची माती ग्रॅमला किती धरते, तो आकडा बाटल्यांतून काढा. तो ५ असेल तर ६०० ग्रॅम माती. सगळ्यात मोठी क्षमता धरून हिशेब केलात तर माती कमी पडेल, कारण पाण्यातला धातू विरळ झाला की माती कमीच धरते.

सोडियमची माती टाकीतून काढणं हा खरा त्रास. म्हणून आम्ही गोळ्या करायचो. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा चिकट पदार्थ) आणि २ ग्रॅम माती एकजीव करायची, सिरिंजनं थेंब थेंब तीन टक्के कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडायची, रात्रभर ठेवून धुवायची. साबुदाण्याएवढे मणी होतात, नळकांड्यात भरता येतात आणि पाणी गढूळ होत नाही. अल्जिनेट स्वतःही धातू धरतं, तेव्हा बिनमातीच्या मण्यांची एक बाटली इथेही हवी.

वापरलेली माती

मी कुर्ल्यात वाढले. साकीनाक्याच्या गल्ल्यांतलं पाणी नाल्यांतून मिठीत येतं आणि मिठी माहीमच्या खाडीत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तीच मिठी आमच्या घरात कमरेपर्यंत आली होती. गाळ उपसताना तो कुठकुठून आला असेल, याचा विचार माझ्या मनातून गेला नाही.

धातू धरलेली माती म्हणजे जागा बदललेला धातूच. आम्ल किंवा मीठ लागलं की तो पुन्हा सुटतो. ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लानं माती धुऊन पुन्हा वापरता येते, पण मग ते आम्ल तुमच्या हातात धातूसकट उरतं आणि ते पहिल्या टप्प्यात परत घ्यावं लागतं. ही माती कुंडीत, भरणीत, मूर्तीच्या मातीत, कचऱ्याच्या डब्यात, कुठेही जाता कामा नये. प्लेटिंगच्या सांडपाण्याचा गाळ २०१६ च्या धोकादायक कचऱ्याच्या नियमांत येतो. तो वाळवून झाकणाच्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये, छपराखाली ठेवायचा आणि परवाना असलेल्या गाडीनं तळोज्यासारख्या मान्यताप्राप्त केंद्रात पाठवायचा. कॉलेजच्या प्रोजेक्टची माती चार मुठी असते, तीही एका कॅनमध्ये साठवा आणि विभागाच्या रासायनिक कचऱ्यात द्या.

ड्रमवर चिठ्ठी लावा, ओल्यानं न पुसणाऱ्या पेननं: कोणती माती, कोणत्या लाइनचं पाणी, कोणता धातू, अंदाजे किती ग्रॅम, तारीख. ग्रॅमचा आकडा वहीतून येतो, आत आलेल्या पाण्यातला धातू वजा बाहेर गेलेल्या पाण्यातला. हायड्रॉक्साइडचा गाळ आणि माती यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या. आप्पांना मराठी छापील वाचता यायचं, म्हणून आमच्या चिठ्ठ्या मी मोठ्या छापील अक्षरांत लिहायचे.